नऊ फूट तांबडी

धोंडाबाईनं बहिरूच्या खांद्याचं हाड मोडलं त्या क्षणीसुद्धा बहिरूनं तिला वहिनीच म्हटलं, ही गोष्ट खैरपाड्यात अजून कौतुकानं सांगतात. फावड्याचा दांडा मानेजवळ बसला, आत काहीतरी वाळक्या काटकीसारखं मोडलं आणि बहिरू मटकन खाली बसत म्हणाला, "वयनी, हात गेला माहा."

"हात नाय भाऊजी, गळ्याखालचं हाड हे ते," धोंडाबाई म्हणाली. "हात अजून शिल्लक हे." आणि तिनं दांडा परत उचलला.

बहिरू तिचा चुलत दीर. भांडण कुठल्याही थराला गेलं तरी नात्याचा मान दोन्हीकडून राखला गेला. त्या दिवसापासून बहिरूचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. देवळातली घंटा तो डाव्या हातानं वाजवतो, आणि देवाला हे चालतं की नाही यावर गावात दोन तट आहेत.

भांडण नऊ फुटांचं. वर धोंडाबाईचं शेत, खाली बहिरूचं, मध्ये हद्दीचा दगड. धोंडाबाईचा नवरा वाळू आणि बहिरू यांचे बाप सख्खे भाऊ. त्या दोघा भावांच्या बापानं, म्हणजे धोंडाबाईच्या आजेसासऱ्यानं, जमीन तोंडी वाटून दिली, मध्ये एक काळा दगड पुरला आणि कागदावर काही न आणता मरून गेला. बहिरूच्या घरचं म्हणणं, वाळूनं तो दगड गुपचूप नऊ फूट खाली सरकवला. धोंडाबाईचं म्हणणं, दगड होता तिथंच होता, बहिरूच्या घरच्यांचे डोळे फिरले. या दोन म्हणण्यांवर पस्तीस वर्षं हाणामारी चालली. तिच्यात पाच दात, एक कानाची पाळी, एक खांदा, एक कोपर आणि दोन बोटं गेली. त्या नऊ फुटांत पिकतं काय, तर चांगल्या वर्षी खुरासणीच्या, म्हणजे कारळ्याच्या, सहा ओळी.

ज्या जमिनीपायी हे सगळं झालं तिच्याबद्दल थोडं सांगायला हवं. नाशिकहून पेठेकडं निघालं आणि सावळघाट मागं पडला की रस्त्याच्या कडेची कापलेली दरड लाल दिसू लागते. इथला काळा कातळ हजारो पावसाळ्यांत कुजला. वाहून नेण्यासारखं जे होतं ते पावसानं नेलं, लोखंड तेवढं मागं राहिलं आणि गंजलं. म्हणजे माणसं जिच्यासाठी एकमेकांची डोकी फोडतात ती जमीन मुळात गंजाचा जाड थर आहे. उताराच्या पायथ्याला हा थर इतका खोल आहे की एक पुरुष खणा, दोन पुरुष खणा, रंग तोच. निफाडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, खड्डा खणला तर कडा ढासळून आतल्या माणसाला गाडते. तांबडीचं तसं नाही. चिकणमाती असूनही ती पाणी आत जाऊ देते, आणि सरळ खणलेल्या खड्ड्याची भिंत वर्षानुवर्षं उभी राहते. कुदळीचे वळ दहा वर्षांनीही मोजून घ्यावेत. खताच्या बाबतीत मात्र ती कवडीचुंबक आहे. घातलेलं स्फुरद धरून बसते, पिकाला सहजी सोडत नाही. शेतीखात्याची माणसं याला मातीचा दोष म्हणतात. खैरपाड्यात या स्वभावाला कुणी दोष मानत नाही.

मारामारीलाही ही माती ऋतूप्रमाणे साथ द्यायची. वैशाखात वाळलेलं ढेकूळ दगडाइतकं कठीण, फेकायला सोयीचं आणि फुकट. श्रावणात तीच माती तुपासारखी निसरडी. मग हाणामारीची कुस्ती व्हायची. दोन्हीकडची माणसं घसरत उतारावरून खालच्या ओहोळात जाऊन पडायची आणि तिथून भांडत परत वर यायची. बहिरूची बायको लंकाबाई हिनं अशाच एका घसरणीत धोंडाबाईच्या कानाची पाळी दातांनी तोडली. "सोडा जाऊबाई, तोंडात माती जाईल तुमच्या," असं धोंडाबाई त्या वेळी ओरडल्याचं सांगतात. धोंडाबाई म्हणते की ती असं काही ओरडली नव्हती, तिनं फक्त लंकाबाईचे केस धरून तिचं डोकं चिखलात दाबलं होतं.

पोटापाण्यासाठी धोंडाबाई खड्डे खणत आली. आंब्याकाजूची कलमं लावायला तीन फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट खोल असे खड्डे पेठ तालुक्यात उन्हाळाभर लागतात. नवरा जिवंत असताना जोडीनं खणायची. आठ वर्षांपूर्वी तो काविळीनं गेल्यावर एकटी खणू लागली. आता वय सत्तावन्न. बाई अंगानं काटक, हात मात्र उखळीतल्या मुसळासारखे. तळव्याच्या रेषांत तांबडी अशी मुरलेली की गावचा ज्योतिषी तिचा हात बघायला नको म्हणतो.

खणता खणता तिला मातीचं असं एक ज्ञान झालं, जे तालुक्यात दुसऱ्या कुणाला नव्हतं. न उपसलेल्या तांबडीचं ढेकूळ हातात घेऊन हलकेच दाबलं की ते भुसभुशीत होत नाही, त्याचे चिंचोक्यांएवढे खडे सुटे होतात. ते चिंचोक्यांसारखेच कोनाकोनांचे, गुळगुळीत आणि तेल चोळल्यासारखे चकचकीत असतात. एकदा का ती माती उपसली की चिंचोके मोडतात. मग तीच माती त्याच खड्ड्यात भरा, चोपा, वर पन्नास पावसाळे जाऊ द्या, ती चकाकी माणसाच्या आयुष्यात काही परत येत नाही. रंगावरून कुणाला काही कळत नाही, कारण रंग वरपासून खालपर्यंत एकच. धोंडाबाई मात्र ढेकूळ बोटांत मोडायची आणि सांगायची, इथं कधीतरी खांब होता, इथं कुणीतरी काही पुरलं होतं, इथं आजवर कुणाचा हात लागलेला नाही. दोन गावच्या पंचांनी तिला या कामासाठी बोलावून नेलं होतं. तिचा शब्द कधी खोटा पडला नाही. बहिरूसुद्धा हे मानायचा. "बाई रानटी हे, पण मातीचं खोटं सांगायची नाय," हे त्याचंच बोलणं, आणि ते त्यानं खांद्याला पट्टा बांधलेला असताना केलं होतं.

दोन बोटांची गोष्ट अकरा वर्षांपूर्वीची. धोंडाबाईचा मुलगा अमोल तेव्हा बावीस वर्षांचा होता. भाद्रपदात बहिरू त्या नऊ फुटांतली खुरासणी कापून टाकायला कोयता घेऊन उतरला. धोंडाबाई आडवी आली. बहिरूनं डाव्या हातानं कोयता उगारला, आणि डाव्या हाताचा नेम म्हणजे नेम नव्हे. आईच्या डोक्याकडं येणारा कोयता अमोलनं उजव्या पंजावर घेतला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट तुटून चिखलात पडलं. त्या चिखलात रक्त वेगळं दिसेना. पाच माणसं अर्धा तास बोटं शोधत होती, त्यांत बहिरूही होता. गुडघ्यांवर बसून, कोयता बाजूला ठेवून, लाल चिखल चाचपत तो पुटपुटत होता, "हितंच पडली, मी पायली, हितंच पडली." बोटं मिळाली नाहीत. बहिरू चौदा महिने आत राहून आला. अमोल नाशिकला गेला, तिथल्या द्वारका चौकात एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात चिकटला, डाव्या हातानं लिहायला शिकला आणि दिवाळीलाच काय तो गावी येऊ लागला. आईशी फोनवर बोलायचा. शेताचं नाव निघालं की मात्र म्हणायचा, "रेंज जाते आहे, ठेवतो."

धोंडाबाईनं त्याच्या हाताकडं त्यानंतर कधी सरळ बघितलं नाही. पण नऊ फूट तिनं सोडले नाहीत. बोटं जिच्यासाठी गेली ती जमीन आपलीच आहे, एवढं एकच तिच्याकडं उरलं होतं.

गेल्या वर्षी बहिरूनं एक काम केलं. धोंडाबाई पेठेच्या बाजाराला गेली असताना त्यानं शेततळ्यासाठी आणलेल्या जेसीबीनं हद्दीचा दगड उचलला आणि नऊ फूट वर, आपल्या म्हणण्याप्रमाणे मूळच्या जागी नेऊन बसवला. धोंडाबाई परत आली ती डोक्यावरची पाटी फेकूनच. पहिलं ढेकूळ जेसीबीच्या काचेवर बसलं. दुसरं ड्रायव्हरच्या कानशिलावर. ड्रायव्हर पाथर्डीकडचा. त्यानं असली माती कधी पाहिली नव्हती. आपल्यावर दगडफेक झाली असंच त्यानं पुढं जबाबात सांगितलं. बहिरू पहार घेऊन आला आणि त्यानं ती तिच्या कोपरावर घातली. धोंडाबाईनं उरलेल्या हातानं त्याचं डोकं धरलं आणि नव्यानं बसवलेल्या दगडावर दोनदा आपटलं. "दगड नीट बसला का बघते, भाऊजी," असं काहीसं ती म्हणाली.

शेवटी कोपराचं प्लास्टर निघाल्यावर तिनंच सरकारी मोजणीचा अर्ज केला.

मोजणी यंदाच्या मे महिन्यात लागली. मोजणीवाला मयुरेश हा नाशिकचा, तिशीतला, डोक्यावर टोपी, नाकाला सनस्क्रीन. त्यानं तीन पायांवर यंत्र उभं केलं आणि ते आकाशातल्या उपग्रहांशी बोलतं असं सांगितलं. अमोल रजा काढून आला होता. टेपचं एक टोक धरून तो बांधावर उभा होता. टोक त्यानं डाव्या हातात धरलं होतं, उजवा खिशात. बहिरू आणि लंकाबाई खालच्या बाजूला. चौघांचीही हत्यारं पोलीस पाटलानं सकाळीच काढून घेतली होती. धोंडाबाईचं फावडं आणि कुदळ मात्र त्यानं ठेवू दिली, कारण ती तिच्या धंद्याची अवजारं. खांद्याचं हाड त्याच फावड्यानं मोडलं होतं, हे त्याच्या लक्षात आलं नसावं.

तासाभरानं मयुरेश घाम पुसत म्हणाला, "मावशी, बाहेरची हद्द जुळली. पण तुमची आपसातली वाटणी नकाशात नाहीच. ती तोंडी झालेली दिसते. जुना दगड नेमका कुठं होता ते दोघांनी मिळून सांगा, सह्या करा, मी तीच हद्द धरतो."

"मिळून?" लंकाबाई म्हणाली. "सायेब, आमी मिळून कधी पाणीबी प्यालो नाय."

"मग कोर्टात जा."

बहिरूनं खाली बसून एक ढेकूळ उचललं. अमोल एक पाऊल मागं सरला. पण बहिरूनं ते फेकलं नाही, दोन्ही हातांत फिरवत राहिला.

"वयनीला खणू द्या," तो म्हणाला.

"काय?" लंकाबाईनं त्याच्याकडं असं बघितलं की जणू आता त्याच्या डोक्याचंही हाड मोडलं.

"ती म्हणती दगड खाली व्हता. माहा बाप म्हणायचा वर व्हता. दोनी जागी खण म्हणावं आन् माती बघून सांग म्हणावं. ती सांगंल ते मला कबूल. सायेब, लिहून घ्या."

"आन् खोटं सांगितलं म्हंजी?"

"मारती ती," बहिरू म्हणाला. "खोटं नाय सांगत."

अमोल हसला. खैरपाड्याच्या शेतात तो अकरा वर्षांनी हसत होता, म्हणून धोंडाबाईनं वळून पाहिलं.

तिनं पदर खोचला. डोक्याला फडकं बांधलं. हे फडकं म्हणजे वाळूचा लग्नातला सदरा. मुळात पांढरा, पण लग्नानंतरच्या पहिल्याच शिमग्याला त्याचा रंग गेला तो गेलाच. त्या दुपारी वाळू शेतातून आला होता तो कोपरापर्यंत हात लाल, गुडघ्यापर्यंत पाय लाल आणि सदऱ्याच्या बाह्या बरबटलेल्या. "सागाचं खोड उपटलं," म्हणाला होता. नव्या नवरीनं तो सदरा साबणानं धुतला, राखेनं धुतला, लिंबू चोळलं. तांबडी गेली नाही. पुढं तो सदरा फाटेपर्यंत वाळूनं वापरला, आणि त्याच्यामागं धोंडाबाईनं ओझ्याखाली चुंबळ म्हणून.

आधी खालची जागा. दगड इथून उचलला होता तो खड्डा जेसीबीनं वरवर बुजवला होता. धोंडाबाईनं तो साफ केला आणि मग कडेनं खाली सरळ खणत गेली. तिचं खणणं बघायला मयुरेशही यंत्र सोडून आला. कुदळीचे घाव एकाखाली एक, भिंत ओळंब्यात. गुडघाभर खोल गेल्यावर ती थांबली. तिथं तिनं एक ढेकूळ काढलं, दाबलं. हातात चकचकीत चिंचोके सुटले. तिनं बाजूचं दुसरं काढलं. तेही तसंच. तिसरं.

गुडघ्याच्या वरची माती उपसलेली, खालची कधीच न हललेली.

ती उकिडवी बसून राहिली. आजेसासऱ्यानं पुरलेले दगड तिनं या गावात तीन ठिकाणी पाहिले होते. म्हातारा कंबरभर खोल खणायचा. एवढा मोठा दगड गुडघाभर खड्ड्यात कोण बसवील? ज्याला घाई आहे, मदतीला कुणी नाही आणि एका दुपारच्या आत घरी पोचायचंय, तो.

"काय गं आई?" वरून अमोलनं विचारलं.

"काय नाय. दगड व्हता हितं."

"ऐकलं का?" अमोल मयुरेशला म्हणाला. त्याचा उजवा हात खिशातून बाहेर आला होता. लंकाबाईनं नवऱ्याला दंडावर एक रट्टा दिला. "घे आता! खणू द्या म्हणे वयनीला! बापाचं नाव घातलं मातीत!"

"दुसरी जागा बघायची गरज आहे का, मावशी?" मयुरेशनं घड्याळ पाहिलं. "तुम्ही म्हणाल तर मी इथंच हद्द धरतो."

तेव्हाच ती हो म्हणाली असती तर गोष्ट संपली असती. सगळे तयार होते. बहिरूही तयार होता, डोळे पुसत का होईना. पण खड्डा अर्धा सोडणं धोंडाबाईला आयुष्यात जमलेलं नव्हतं, आणि नुसत्या संशयावर झोप लागेल अशी ती बाई नव्हती. ती म्हणाली, "दोनी खणायचं ठरलं ना, मग दोनी."

वरचा दगड पाचजणांनी पहारीनं बाजूला लोटला, आणि दोन जागांमधलं अंतर मोजायला मयुरेशनं टेपचं टोक परत अमोलच्या डाव्या हातात दिलं. खाली गेल्या वर्षीची सैल माती. ती तिनं फेकून दिली. तिच्याखाली जुनी माती लागली, दाबून बसलेली, मुळं शिरलेली, वरून बघणाऱ्याला अस्सल वाटेल अशी. धोंडाबाईनं ढेकूळ मोडलं. त्याचा पिठासारखा भुगा झाला. चिंचोका एकही नाही. अजून एक हात खाली. भुगा. गुडघा गेला, मांडी गेली, कंबर आली. तरी भुगाच. वर उभ्या असलेल्यांना आता तिचं फडकं बांधलेलं डोकं आणि माती फेकणारे हात एवढंच दिसत होतं. कमरेपेक्षा हातभर खोल गेल्यावर कुदळीला काहीतरी कुरकुरलं. तिनं वाकून हातानं उकरलं. काळे, हलके, ओलसर तुकडे. कोळसा.

जुनी माणसं हद्दीचा दगड बसवताना तळाशी चुलीतला कोळसा टाकायची. तो कुजत नाही, वाहत नाही, दगड हलला तरी जागा सांगतो. नांगरणाऱ्यांच्या कानावर ही गोष्ट सहसा आलेली नसते, खणणाऱ्यांना ती ठाऊक असते. बहिरूला ठाऊक नव्हती. त्या सरकारी पोराला ठाऊक असायचं कारण नव्हतं. धोंडाबाईनं मूठ मिटली.

त्या खड्ड्यात ती किती वेळ होती याबद्दल गावात वेगवेगळं सांगतात. मयुरेशच्या म्हणण्याप्रमाणे दोन मिनिटं. लंकाबाईच्या म्हणण्याप्रमाणे, "चार बिड्या वढून झाल्या असत्या." धोंडाबाईनं तेवढ्या वेळात डोक्याचं फडकं सोडलं होतं आणि त्याची बाही कोपरापाशी धरून बघत होती. लाल कोपरापर्यंत होतं. त्याच्या वर नव्हतं. वाळूचे पाय त्या दिवशी गुडघ्यापर्यंत लाल होते, हेही तिला आता मांडीला मांडी लावून कुणी सांगावं इतकं नीट आठवलं.

मूठभर कोळसा कनवटीला लावायचा. वर यायचं. म्हणायचं, इथं काही नाही. बहिरू मान डोलावणार होता.

तिनं वर पाहिलं. खड्ड्याच्या कडेवर अमोलचा उजवा हात टेकलेला होता. तो वाकून आत बघत होता. तीन बोटं मातीवर, उरलेल्या दोहोंच्या जागी गुळगुळीत झालेली गाठ. एवढ्या जवळून, एवढ्या उजेडात तिनं ती पहिल्यांदा पाहिली.

"आई, वर ये. काय आहे तिथं?"

"भाऊजी," धोंडाबाईनं हाक मारली. "हिकडं या."

बहिरू कडेला आला. त्याचे पाय तिच्या तोंडासमोर. तिनं मूठ उघडून त्याच्या पायांशी धरली.

"कोळसा हे. म्हाताऱ्यानं टाकलेला. दगड हितंच व्हता. तुमचा बाप खरं बोलत व्हता. आमच्या ह्यांनी सरकावला, लग्नाच्या पैल्या शिमग्याला. मी धुतला त्यांचा सदरा."

लंकाबाईनं एक विचित्र आवाज काढला. रडणं की हसणं ते तिलाही ठरवता आलं नसावं. "बारा वरीस माहा सासरा ह्याच बांधावर रडला," ती म्हणाली. "बारा वरीस, बाई!"

बहिरूनं बाजूला पडलेलं फावडं उचललं.

"ओ, ओ काका!" मयुरेश ओरडला. "मी सरकारी माणूस आहे, माझ्यासमोर नाही!" दुसरीकडं कुठं चालेल हे त्यानं सांगितलं नाही. पोलीस पाटील पुढं आला आणि बहिरूच्या तोंडाकडं पाहून थांबला. धोंडाबाई खड्ड्यातच उभी राहिली. छातीपर्यंत जमिनीत, दोन्ही हात कडेवर. सरकायला जागा नव्हती, आणि तिनं प्रयत्नही केला नाही.

"मारा, भाऊजी," ती म्हणाली.

त्यानं उजवा हात उगारला. हात खांद्यापर्यंत आला आणि तिथं अडकला. एकवीस वर्षं तो तिथंच अडकत होता. बहिरूचं तोंड पिळवटलं. त्यानं फावडं डाव्या हातात घेतलं आणि आडवं फिरवलं. डाव्या हाताचा नेम पूर्वीपेक्षा सुधारला होता. पात्याची सपाट बाजू तिच्या मानेच्या बुडाशी बसली. आत जे मोडलं त्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. धोंडाबाईनं तो ओळखलाही असेल, तिनं तो आधी बाहेरून ऐकलेला होता. ती खड्ड्याच्या भिंतीला टेकली. भिंत ढासळली नाही.

"वयनी," बहिरू म्हणाला. फावडं त्याच्या हातून गळून पडलं. तो दोन्ही गुडघ्यांवर बसला आणि बोटं शोधताना बसला होता तसा माती चाचपू लागला.

सगळे अमोलकडं बघत होते. आता तो बहिरूवर धावून जाणार, हे रीतीप्रमाणे होतं. पोलीस पाटलानं त्याच्या कमरेला मिठी मारायची तयारीही केली. पण अमोलनं धरलेलं टेपचं टोक नुसतं सोडून दिलं. टेप सुर्रकन जमिनीवरून मयुरेशच्या हातातल्या डबीत गेली.

"साहेब, किती फूट?" त्यानं विचारलं.

"नऊ," मयुरेश म्हणाला. "नऊ फूट दोन इंच."

अमोलनं मान हलवली. मग तो कडेला पालथा झाला आणि उजवा हात खाली सोडला. धोंडाबाईनं तो हात बघितला, पण धरला नाही.

"धर की," तो म्हणाला. "तीन बोटं पुरतात. रोज गाडीत गोण्या चढवतो मी."

"दुखंल तुला."

"आता दुखायचंय का त्यात काही?" त्याचा आवाज चढला. "अकरा वर्षं मी म्हणत आलो, गेली तर गेली, आपल्या जमिनीपायी गेली. धर म्हणतो ना!"

तिनं धरला. त्यानं तिला एका झटक्यात वर ओढलं, मोडलेल्या हाडाचा विचार न करता, आणि ती आयुष्यात पहिल्यांदा शेतात दुखण्यानं मोठ्यानं ओरडली. त्यानं तिला कडेवर बसवलं, वाळूचा सदरा तिच्या हातातून घेतला, फाडून त्याची झोळी केली आणि तिचा हात गळ्यात बांधला. गाठ घट्ट आणि नीट मारली.

मयुरेशनं कागद पुढं केला. बहिरूनं सही केली. धोंडाबाईचा अंगठा घ्यायचा होता.

"मावशी, अंगठा पुसा आधी, मातीनं भरलाय. शाई लागणार नाही."

तिनं अंगठा लुगड्याला पुसला. परत पुसला. लाल तो लालच. मयुरेशनं शेवटी तसाच दाबून घेतला. कागदावर उठलेला ठसा निळा यायचा तो विटकरी आला. साहेब चालवून घेतील, असं तो स्वतःशीच म्हणाला.

दगड बसवायचं राहिलं होतं. लंकाबाई आणि पोलीस पाटील माती लोटायला लागले, तशी धोंडाबाई बसल्या जागेवरून खेकसली, "असं नाय, जाऊबाई! थर दे, चोप, मग दुसरा थर दे. आन् कोळसा आधी टाक तळाला. टाकला का?"

"टाकते गं बाई," लंकाबाई म्हणाली. तिनं खाली सांडलेले तुकडे एकेक करून वेचले आणि खड्ड्यात सोडले.

अमोल चारच्या गाडीनं आईला पेठेच्या दवाखान्यात घेऊन गेला. फाट्यापर्यंत तो पुढं चालत होता, ती दहा पावलं मागं. बहिरूनं त्यांची पाण्याची बाटली आणि तिचं फावडं बांधावरून उचललं आणि दोन्ही घेऊन तोही त्यांच्यामागं, आणखी दहा पावलं अंतर ठेवून, निघाला.